जावळाचं हरीण

शिवांगीचं जावळ काढलं ते साल दोन हजार चार. त्या जावळासाठीच शैलेंद्रनं आपल्या बापाला, एकनाथला, आटपाडीकडच्या माळावरून उचलून मिनेसोटात आणलं होतं. शैलेंद्र जनावरांचा डॉक्टर. परभणीला शिकला आणि इथं नॉर्बी नावाच्या गावात टर्कीच्या शेडांवर कामाला लागला. एकेका शेडात हजारो पांढरे पक्षी. आत जाताना अंघोळ, बाहेर येताना अंघोळ. मराठी माणसं सगळी ईडन प्रेरीला, मोटारीनं तीन तासांवर. नॉर्बीत मका, वारा आणि पक्ष्यांचा वास.

जावळ बाथरूममध्ये निघालं. शैलेंद्रच्या बायकोनं, हिमानीनं, पोरीला मांडीवर धरलं, शैलेंद्रनं दाढीचं मशीन फिरवलं. केस प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून एकनाथच्या ट्रंकेत ठेवले. गावी गेल्यावर म्हसोबाच्या ओढ्यात सोडायचे.

"आन् बोकड?" एकनाथनं विचारलं.

"आबा, इथं अंगणात बोकड कापला तर अर्ध्या तासात पोलीस येतील," शैलेंद्र म्हणाला. "फ्रोझन मटण आणतो. नैवेद्य दाखवू."

"देवाला बर्फातलं चालतंय व्हय रं?"

हिमानी हसली. नागपूरची पोर, शिकलेली. मटण आलं, शिजलं, खाल्लं. एकनाथनं नैवेद्य दाखवला नाही. एकनाथच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. जावळाला म्हसोबापुढं बोकड पडला नाही असं पोर त्या घरात झालं नव्हतं.

दसरा गेला आणि पोरीला ताप धरला. कान फुटला. औषध दिलं की उतरायचा, बंद केलं की चढायचा. रात्रभर रडून सकाळी पोर मेणासारखी पडून राहायची.  पोरीच्या टकलावर नवे केस फुटलेले दिसले की एकनाथ नजर दुसरीकडे फिरवायचा.

घरासमोर खडीचा रस्ता, त्यापलीकडे हॅरल्डचं शेत. हॅरल्ड एकटा म्हातारा. एके काळी गाई होत्या, आता गोठा रिकामा. एकनाथ आल्या आठवड्यातच त्या गोठ्यात जाऊन उभा राहिला होता. एकमेकांची भाषा एकाही शब्दानं येत नव्हती. हॅरल्ड काही हत्यार घासत बसला तर एकनाथ दुसरं टोक धरायचा. कॉफी प्यायचे, आपापल्या भाषेत बोलायचे, मान हलवायचे. हॅरल्डच्या फुप्फुसात गाठ होती. डॉक्टरनं वसंत ऋतूपर्यंतचा वायदा दिला होता. हे शैलेंद्रनं सांगितलं, तेव्हा एकनाथ म्हणाला, "ठावं हाय. त्येच्या खोकल्यात ऐकू येतंय."

हॅरल्डच्या बैठकीतल्या भिंतीवर एक मोठा खिळा होता, नुसताच. शैलेंद्रनं विचारून घेतलं. हॅरल्ड दर वर्षी शिकारीला जायचा, खाण्यापुरतं मारायचा, पण भिंतीवर लावण्याजोगं हरीण अजून मिळालं नव्हतं. नुसती मोठी शिंगं त्याला नको होती. बघितल्यावर माणसानं टोपी काढावी असं जनावर पाहिजे. एक नर तो तीन हिवाळे बघत होता. ते मिळालं की गावातल्या डेलकडून पेंढा भरून घ्यायचं आणि त्या खिळ्याला लावायचं.

"मरायच्या आधी बघायचंय म्हणतो," शैलेंद्र म्हणाला.

"मंग बगू दे की. त्यात काय वावगं हाय?"

नोव्हेंबरात शिकार खुली झाली. हॅरल्डनं एकनाथला नारिंगी जाकीट घातलं, तसलीच टोपी दिली. शैलेंद्र हसला. "आबा, पंढरपूरच्या पोलिसासारखे दिसताय."

"पोलीस असली झेंडूची फुलं घालत्यात व्हय?"

दोघं म्हातारे पहाटेच शेताच्या कडेला मोडक्या गाडीच्या आडोशाला बसले. बर्फ पातळ पडलेलं. मक्याची खुंटं बर्फातून वर आलेली, दाढी वाढल्यासारखी. हॅरल्ड खोकला आला की तोंडात हातमोजा कोंबायचा. उजाडल्यावर पाणगवतातून तो नर निघाला. मान जाड, गळ्याला पांढरा पट्टा, शिंगं म्हणजे बाभळीची फांदीच. हॅरल्डनं बंदूक उचलली तेव्हा त्याचे हात थरथरत होते. बार झाला तेव्हा थरथरत नव्हते.

हरीण उडालं, पाणगवतात गेलं. हॅरल्ड उठला आणि लगेच खाली बसला. खोकल्यानं त्याला गुंडाळून टाकलं. त्यानं कमरेचा सुरा एकनाथच्या हातात दिला, बोटानं वाट दाखवली आणि तळहात खाली दाबला. जा, तिथं थांब, असंच ते होतं. एकनाथलाही ते तसंच कळलं होतं.

रक्ताच्या थेंबांमागून तो गेला. हरीण कुशीवर पडलेलं. बरगडी हलत होती, नाकाला लाल फेस. डोळा उघडा, त्यात आभाळ. एकनाथनं आयुष्यात तडफडतं जनावर तसंच राहू दिलेलं नव्हतं. रक्त काढल्याशिवाय मटण खाल्लेलं नव्हतं. हे दोन्ही खरं. पण त्या वेळी मनात आलं ते तिसरंच. शिंगं धरून त्यानं हरणाचं तोंड उगवतीला केलं, "म्हसोबाच्या नावानं चांगभलं, शिवांगीच्या जावळाचं गोड करून घे" म्हणाला आणि गळा कापला. एका कानाखालून दुसऱ्या कानाखाली, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध. बर्फ वाफाळलं. तो हात जोडून बसला.

हॅरल्ड काठी टेकत आला. जनावर बघून त्यानं टोपी काढली. मग गळा बघितला. टोपी हातातच राहिली. शिवी दिली नाही. आडव्या पडलेल्या झाडावर बसला आणि पाणगवताकडे बघत राहिला. एकनाथनं सुरा बर्फानं पुसला, पुन्हा पुसला. चुकलंय हे कळत होतं, काय चुकलंय ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात शिवांगीचा ताप उतरला. पुन्हा चढला नाही.

डेलचं काम चालायचं ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आत उभे डीप फ्रीझर, त्यात लोकांनी आणून टाकलेली हरणं आणि वसंतातल्या शिकारीचे रानटर्की, प्लॅस्टिकात गुंडाळलेले, पायाला चिठ्ठ्या. भिंतीवर डोळे नसलेली डोकी. डेल पन्नाशीतला, जाड, कमी बोलणारा. हॅरल्ड, शैलेंद्र आणि एकनाथ हरीण घेऊन आले तेव्हा त्यानं कातडं पसरलं, गळ्याच्या चिरेत बोटं घातली आणि शैलेंद्रकडे बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हन्तोय?"

"गळा का कापला, विचारतोय. भिंतीवर लावायच्या हरणाचा गळा कुणी कापत नाही, आबा. तिथले केस आखूड असतात, शिवण लपत नाही. इथली लहान पोरंसुद्धा कापत नाहीत." शैलेंद्रचे कान लाल झाले होते. "काय सांगू त्याला?"

"सांग, जीव जात नव्हता म्हनून कापला."

"खरं सांगताय ना?"

एकनाथ चिरेवरचे केस बोटानं सारखे करत राहिला. शैलेंद्रनं तेवढंच सांगितलं.

डेल म्हणाला, फ्रीझरमध्ये दुसऱ्या हरणाचं धड कातडं आहे, ते चढवून ही शिंगं बसवतो, कुणाला कळायचं नाही. हॅरल्डनं मान हलवली. माझ्या हरणाच्या अंगावर परकं कातडं नको. मग डेल म्हणाला, शिवतो, पण वेळ लागेल. पुढच्या पानगळीपर्यंतची कामं हातात आहेत. हॅरल्डनं नुसतं बघितलं. पुढची पानगळ त्याच्यापाशी नव्हती, ते डेललाही माहीत होतं. डेल डोकं खाजवत पुटपुटला.

"म्हणतो, कुणी खरडायला, सोलायला मदत केली तर हे पुढं घेता येईल," शैलेंद्रनं सांगितलं.

"मी करतो."

"आबा, काहीतरीच. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. काम करता येत नाही."

"रोजगार मागतोय का मी? केलेलं निस्तरतोय."

शैलेंद्रनं फ्रीझरमधल्या रानटर्कींकडे बघितलं. नंतर मराठीतच, पण हळू म्हणाला, "एक गोष्ट. रानटर्कीला हात लावायचा नाही. रानातल्या पक्ष्यांचा रोग आमच्या शेडात गेला तर लाखो पक्षी मारावे लागतात. घरातल्या कुणीही रानपक्षी हाताळायचा नाही असा कंपनीचा रूल आहे. कळलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. शपथ घ्या."

"न्हाई लावत. शिवांगीची आन."

रोज सकाळी एकनाथ रस्त्यानं चालत डेलकडे जाऊ लागला. गुळगुळीत ओंडका कमरेला टेकवायचा, त्यावर ओलं कातडं पालथं टाकायचं आणि दोन मुठींच्या सुरीनं मांस, चरबी, पापुद्रा पुढं रेटत काढायचा. जोर जास्त झाला की केसांची मुळं दिसायला लागतात, कमी झाला की चरबी राहते आणि कातडं कुजतं. पहिलं कातडं त्यानं भोकं पाडून ठेवलं. डेलनं ते मुकाट्यानं शिवलं. दुसरं बरं झालं. मग मीठ चोळायचं. मीठ नखांत, भेगांत शिरायचं. संध्याकाळी बोटं मिटत नसत.

पेंढा कुठं दिसेना, तेव्हा त्यानं खुणेनं विचारलं. डेलनं फळीवरून हरणाच्या मानेच्या आकाराचा पिवळा फोमचा गोळा काढून दाखवला. वजनाला काहीच नाही. एकनाथनं तो हातात तोलला आणि हसला.

पण डेलचं खरं अडलं होतं ते टर्कींवर. गिऱ्हाइकं नाताळापूर्वी मागत होती. पिसं भांड्याच्या साबणानं धुवायची आणि केस वाळवायच्या यंत्रानं एकेक फुलवायची. पंखांच्या हाडांतून तारा ओढायच्या, शेपटीचा पंखा टाचण्यांनी ताणायचा. डेल दिवसभर त्यातच. हॅरल्डच्या हरणाचं कातडं पिंपात भिजत पडलेलं. एके दिवशी एकनाथ ओंडक्यापासून उठला आणि वाळवायचं यंत्र त्यानं हातात घेतलं. डेलनं बघितलं, एक पक्षी पुढं सरकवला. ओल्या पिसांतून तांब्याचा, हिरव्याचा रंग वर येऊ लागला. एकनाथनं तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागितली. आता माफी मागायची सवय झाली होती.

घरी कातड्याचा वास आधी पोचायचा. हिमानीनं गॅरेजमध्ये बादली, साबण, जुने कपडे ठेवले. "आबा, राग मानू नका. शैलेंद्रची नोकरी, बेबीचं इन्फेक्शन... तुम्ही इथंच चेंज करून या." चहाही ती तिथंच आणून द्यायची. एका निळ्या कपात. तो कप धुऊन एकनाथनं गॅरेजच्या फळीवर पालथा घालायचा.

पहिल्या दिवशी कप पालथा घालताना एकनाथचा हात थांबला. गावी कातडं न्यायला ढोरवाड्यातला सटवा यायचा. मेलेलं मेंढरू एकनाथ कधी शिवायचा नाही. धोतराचा सोगा नाकाला लावून लांबून दाखवायचा. सटवासाठी गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेली कपबशी असायची. सटवा चहा प्यायचा, धुवायचा आणि तिथंच पालथी घालायचा. तो गेल्यावर एकनाथची आई त्यावर पाणी शिंपडायची.

एकनाथनं निळा कप पालथा घातला आणि आत गेला.

नाताळच्या सुट्टीत ईडन प्रेरीहून शैलेंद्रचे मित्र विवेक आणि वसुधा आले. वसुधा दारातच नाक मुरडत म्हणाली, "हिमानी, काहीतरी मेलंय गं कुठंतरी. ड्रेन चेक कर."

हिमानीचं तोंड उतरलं. विवेकनं एकनाथचे हात बघितले. "काका, हे काय? गार्डनिंग करता की काय बर्फात?"

"वॉकला जातात," शैलेंद्र मध्येच म्हणाला. "थंडीनं भेगा पडल्यात."

"व्हॅसलीन लावा, काका. आणि ग्लव्हज घाला यार, किती थंडी आहे."

"व्हय," एकनाथ म्हणाला. त्यानं जेवताना डावा हात मांडीखाली घातला. डाव्या अंगठ्याला चिंधी होती.

टर्कीच्या पंखात ओढायची तार निसटून आदल्या आठवड्यात अंगठ्यात शिरली होती. नखाच्या बुडाशी, बरीच आत. रक्त थोडंच आलं. एकनाथनं हळद दाबली, चिंधी बांधली. मेंढरामागं आयुष्य गेलेल्या माणसाला काटा म्हणजे काय? पण दोन दिवसांनी अंगठा ठणकू लागला, मग तो वांग्यासारखा झाला. दाखवायचं तर पोराला दाखवायला पाहिजे. पोरगा विचारणार, कशानं? खोटं बोललो तरी दवाखान्यातला डॉक्टर विचारणार. टर्कीच्या तारेनं म्हटलं की पोराची नोकरी, व्हिसा, पोरीचं घर. एकनाथनं हळद वाढवली. चिंधी पिवळी दिसायची. हिमानीनं ती एकदा बघितली आणि हळदच आहे म्हणून सोडून दिली. ती नुसती हळद नव्हती, पूही होता.

टर्की संपले. जानेवारीत डेलनं हॅरल्डच्या हरणाचं कातडं पिंपातून काढलं. गळा उलट्या बाजूनं, बारीक टाक्यांनी शिवायचा होता. डेल शिवत गेला, एकनाथ आखूड पांढरे केस टाक्यातून सुईच्या टोकानं बाजूला धरत गेला, एकही केस आत अडकू नये म्हणून. दुपारभर तेच. डाव्या हातानं धरता येईना तेव्हा कोपरानं दाबून धरायचा. डेलनं चिंधीकडे बोट दाखवलं. एकनाथनं मान हलवली. काही नाही. डेलनं आणखी एकदा दाखवलं, मग पुन्हा सुई घेतली.

रस्त्यानं परत येताना एकनाथला हुडहुडी भरायची. नॉर्बीची थंडी ही, घोड्यालाही भरते. गॅरेजात कपडे बदलताना त्याचे दात कपबशीसारखे वाजायचे. चहा त्यानं दोनदा सांडला. हिमानीनं फरशी पुसली.

एके सकाळी शैलेंद्र कामावर निघताना म्हणाला, "आबा, आज जाऊ नका. डोळे बघा तुमचे."

"आज हरनाचं डोळं बसवायचंत. उद्यापास्नं न्हाई जात."

"बसवेल ना तो. तुमचं काय अडलंय?"

"माजंच अडलंय."

शैलेंद्रनं घड्याळ बघितलं. शेडात पक्षी लंगडत होते, कंपनीची माणसं यायची होती. तो गेला.

डेलनं कातडं फोमवर चढवलं, कान ताठ केले. काचेचे डोळे मातीत बसवले, पापण्या बोथट काडीनं ओढून जुळवल्या. एकनाथ स्टुलावर बसून बघत होता. एक डोळा किंचित वर बघत होता. त्यानं बोटानं खूण केली, डेलनं तो खाली वळवला. आता हरीण त्या दिवशी पाणगवतातून निघताना बघत होतं तसं बघू लागलं. एकनाथ उठला, गळ्यावरून उजव्या हाताचा पंजा फिरवला आणि स्टुलासकट खाली पडला.

शैलेंद्र दवाखान्यात पोचला तेव्हा चिंधी सोडलेली होती. अंगठा काळा, आणि मनगटापासून दंडापर्यंत, दंडापासून काखेपर्यंत लाल रेघ. जनावरात अशी रेघ त्यानं शिकताना बघितली होती, नोकरीत बघितली होती. लंगडणारा पक्षी त्याला शेडाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा.

"आबा, कधीपासून हे?"

एकनाथनं हात चादरीखाली ओढला.

"कशानं लागलं? सांगा, त्यांना औषध ठरवायचंय. आबा, टर्कीला हात लावला होतात का?"

एकनाथनं दाराशी उभ्या असलेल्या नर्सकडे बघितलं, मग पोराकडे. "काट्यानं," तो म्हणाला. "हरनाच्या शिंगाचा काटा."

"इथं मराठी कुणाला कळत नाही. मला खरं सांगा."

"काट्यानं रं." मग श्वास गोळा करून, "हॅरल्डला सांग. म्या जीव जात नव्हता म्हनून कापला न्हाई. पोरीच्या जावळासाठी कापला. जनावर त्येचं, नवस माजा. त्येला सांग."

"सांगतो."

"म्हसोबानं गोड करून घेतलं. पन ज्याचं व्हतं त्येला इचारलं न्हवतं."

हिमानी पोरीला घेऊन आली होती. काचेपलीकडे उभी राहिली, पोरीला आत आणू देत नव्हते. येताना तिनं थर्मासमध्ये चहा आणला होता आणि घरातला चांगला कप. तो तिच्या पर्समध्येच राहिला.

डोकं वाळायला ठेवून, टाचण्या काढून डेलनं ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला हॅरल्डकडे पोचवलं. शैलेंद्र सोबत गेला. खिळ्याला लावताना दोघांना धरावं लागलं. हॅरल्ड नाकात ऑक्सिजनची नळी घालून खुर्चीत होता. त्यानं खुर्ची जवळ ओढायला लावली, हात वर करून गळ्याच्या पांढऱ्या केसांत बोटं घातली आणि शिवण शोधली. सापडली. तिथंच बोट ठेवून बसला. शैलेंद्रनं बापाचा निरोप सांगितला. इंग्रजीत जावळ सांगता आलं नाही, म्हणून सांगितलं की नातीचे पहिले केस काढले की देवाला एक जनावर द्यावं लागतं.

हॅरल्डनं विचारलं, पोरगी कशी आहे?

बरी आहे, शैलेंद्र म्हणाला.

हॅरल्डनं मान हलवली. बोट मात्र त्यानं काढलं नाही.

मार्चात शैलेंद्र गावी गेला. एकनाथच्या अस्थी एका पिशवीत आणि शिवांगीचं जावळ दुसऱ्या पिशवीत, दोन्ही त्याच ट्रंकेत. म्हसोबाच्या ओढ्याला पाणी नव्हतं. टँकरवाल्याकडून एक घागर घेऊन त्यानं ओढ्यात ओतली आणि दोन्ही त्यात सोडलं. भावकीतली माणसं म्हणाली, जावळाचा बोकड राहिला असेल ना, आता करून टाक. शैलेंद्र म्हणाला, झालाय तो.

एकनाथ नॉर्बीच्या दवाखान्यात एकोणीस जानेवारी दोन हजार पाच रोजी दुपारी वारला. हॅरल्ड त्याच वर्षी एप्रिलच्या नऊ तारखेला घरी, त्याच खुर्चीत वारला.